उन्हाळ्याच्या उत्तरार्धात डोंगरी नद्यांवर ट्राउटसाठी फ्लाय फिशिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्यांना फ्लाय रॉड फेकता येतो, नदीत उतरण्याची सवय आहे, पण उन्हाळा सरत आला की मासे अचानक मिळेनासे का होतात हे उमगत नाही, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. या काळात कोणती फ्लाय (गळावर बांधलेला नकली किडा) बांधायची हा प्रश्न दुसरा येतो. पाणी किती तापले आहे हा पहिला, आणि पुढच्या बहुतेक उत्तरांचा धागा तोच आहे.

उन्हाळ्याचा उत्तरार्ध म्हणजे नेमके कोणते महिने?

उत्तर गोलार्धात जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ, तर न्यूझीलंड किंवा पॅटागोनियात फेब्रुवारी आणि मार्च. रॉकी पर्वत, आल्प्स, पिरेनीज अशा पर्वतरांगांत तोवर बर्फ वितळून आलेले पुराचे पाणी ओसरलेले असते, नद्या उतरलेल्या आणि नितळ असतात. हिमालयाच्या बऱ्याच भागात मात्र जुलै-ऑगस्टमध्ये मोसमी पाऊस आणि वितळणारे बर्फ यांमुळे नद्या गढूळ व भरलेल्या असतात. तिथे पाणी निवळते ते पाऊस परतल्यावर, त्यामुळे खालील सल्ला तिथल्या त्या दोन महिन्यांना जसाच्या तसा लागू करू नये.

या काळात ट्राउट पकडणे अवघड का होते?

पाणी कमी झाले की माशाला लपायला जागा उरत नाही आणि नितळ पाण्यात त्याला काठावरची हालचाल स्पष्ट दिसते. मोसमभर लोकांनी टाकलेल्या फ्लाय पाहून तो चोखंदळ झालेला असतो. बहुतेक मोठ्या जलकीटकांचे बाहेर पडणे जूनपासून जुलैपर्यंत उरकलेले असते, आणि उरलेले कीटक आकाराने बारीक असतात. यावर दुपारचे ऊन पाणी तापवते. या सगळ्या अडचणींपैकी पहिल्या तीन कौशल्याने सोडवता येतात. तापलेल्या पाण्यावर मात्र वेळ आणि जागा बदलण्यावाचून उपाय नाही.

पाण्याच्या तापमानाला इतके महत्त्व का? कोणत्या तापमानाला थांबावे?

ट्राउट हा थंड पाण्याचा मासा आहे. साधारण १० ते १६ अंश सेल्सियस तापमानात तो सर्वाधिक चपळ असतो आणि मनसोक्त खातो. पाणी १९-२० अंशांवर गेले की त्याच्यावर ताण येऊ लागतो, आणि २४-२५ अंशांच्या पुढे दीर्घकाळ राहावे लागले तर अनेक जातींच्या ट्राउटच्या जिवावर बेतते. रेनबो आणि ब्राउन ट्राउट उष्णता थोडी अधिक सोसतात, कटथ्रोट आणि ब्रूक ट्राउट त्यांच्या मानाने नाजूक आहेत.

कारण दुहेरी आहे. समुद्रसपाटीला १० अंशांच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, २० अंशांच्या पाण्यात तो सुमारे ९.१ मिलिग्रॅमवर येतो, आणि २,००० मीटर उंचीवर हवेचा दाब कमी असल्याने या आकड्यांतूनही जवळजवळ एक पंचमांश वजा होतो. दुसरीकडे, माशाचे रक्त पाण्याबरोबर तापत असल्याने उष्ण पाण्यात त्याच्या शरीराची प्राणवायूची गरज वाढते. म्हणजे पुरवठा घटतो त्याच वेळी मागणी चढते. अशा अवस्थेत गळाला लागून झुंज दिलेल्या माशाच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठते, ते निचरून जायला प्राणवायू लागतो, आणि तोच नसतो. सोडल्यावर पोहत निघून गेलेला मासा काही तासांनी खालच्या डोहात मरून पडू शकतो, आणि पकडणाऱ्याला ते कधी कळतही नाही.

म्हणून खिशात एक साधा पाण्याचा तापमापक हवा. वाहत्या पाण्यात, सावलीत, हातभर खोल बुडवून तो मिनिटभर धरावा. काठाच्या उथळ साचलेल्या पाण्यातले माप फसवे असते. १९ अंश दिसले की तो दिवसाचा शेवटचा मासा समजावा आणि २० अंशांना रॉड आवरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मासे त्या वेळी वर येऊन खात असले तरीही. खाणे आणि झुंजीतून सावरणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत.

दिवसाच्या कोणत्या वेळी जावे?

पहाटे. डोंगरी नदीचे पाणी सूर्योदयाच्या आसपास सर्वांत थंड असते आणि दुपारी उशिरा, साधारण चार ते सहाच्या दरम्यान, सर्वांत गरम. संध्याकाळची वेळ रमणीय असते, कॅडिस नावाचे जलकीटक उडत असतात, पण दिवसभर तापलेले पाणी सूर्य मावळताच थंड होत नाही. त्याला रात्रीचे बरेच तास लागतात. सखल भागातल्या रुंद नदीवर म्हणूनच संध्याकाळपेक्षा सकाळ भरवशाची.

उंचावरच्या, झाडीतून वाहणाऱ्या ओढ्यांचा हिशेब उलटा असू शकतो. तिथे सकाळी पाणी ७-८ अंश असते, मासे सुस्त असतात आणि दहा-अकरानंतरच हालचाल सुरू होते. ढगाळ दिवस सगळीकडेच वरदान असतो. ऊन कमी, पाणी थंड, आणि बेटिस जातीचे लहान मेफ्लाय (नाजूक पंखांचे जलकीटक) अशा हवेत हमखास बाहेर पडतात.

मासे कुठे शोधावेत?

जूनमध्ये जिथे मासे होते तिथे ते आता बहुधा नसतात. संथ, रुंद, उन्हात पसरलेल्या पात्राकडे पाठ फिरवावी. खळाळत्या उथळ धारांत पाणी दगडांवर आपटून हवा मिसळून घेते, म्हणून गुडघाभर पाण्यातही ट्राउट उभे राहतात, आणि फेसाळ पृष्ठभागामुळे वरून पक्ष्यांना ते दिसत नाहीत. मोठ्या धोंड्यांमागचे छोटे शांत खळगे, डोहाच्या तोंडाशी जिथे धार आत घुसते तो भाग, काठाखालच्या कपारी, आणि पाण्यावर झुकलेल्या झाडांची सावली, ही सगळी ठिकाणे एकेक करून पाहावीत.

थंड झऱ्याचा किंवा उपनदीचा संगम तापमापकाने सहज सापडतो. मुख्य प्रवाहापेक्षा तिथले पाणी दोन-तीन अंशांनी थंड असते. पण मुख्य नदी २० अंशांच्या वर गेली असेल आणि सगळे मासे जीव वाचवण्यासाठी अशा एका संगमात दाटीने गोळा झाले असतील, तर त्यांना तिथे गाठणे योग्य नव्हे. ती त्यांची शेवटची जागा असते.

नितळ पाण्यातल्या माशाजवळ त्याला न बुजवता कसे जावे?

ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो, म्हणून खालच्या अंगाने, त्याच्या पाठीमागून जावे हे सर्वांना ठाऊक असते. त्यापुढची गोष्ट प्रकाशाच्या वक्रीभवनाची आहे. पाण्याखालून माशाला बाहेरचे जग फक्त डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसते. या खिडकीचा व्यास माशाच्या खोलीच्या सुमारे सव्वादोन पट असतो. मासा ३० सेंटीमीटर खोलीवर असेल तर ती खिडकी जेमतेम ७० सेंटीमीटरची. त्याच्या बाहेरचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा दिसतो, त्यात तळाचे प्रतिबिंब असते.

यातून दोन व्यवहारी गोष्टी निघतात. उथळावर खाणाऱ्या माशासमोर फ्लाय अचूक त्याच्या रेषेत पडली पाहिजे, हातभर बाजूला पडलेली फ्लाय त्याला नीट दिसणार नाही. दुसरी, पाण्याच्या पातळीपासून साधारण १० अंशांच्या कोनाखालच्या वस्तू त्या खिडकीच्या कडेला इतक्या चेपलेल्या दिसतात की माशाला त्यांचा उलगडा होत नाही. पाण्याच्या पातळीवर उभा असलेला माणूस १० मीटरवर या मर्यादेच्या आसपास येतो, तोच गुडघ्यावर बसला तर ५-६ मीटरपर्यंत जाऊ शकतो. उंच काठावर उभे राहिल्यास हा सगळा फायदा जातो. शिवाय माशाच्या अंगावरची पार्श्वरेषा पाण्यातले धक्के टिपते, त्यामुळे दगड घसरवत चालणे हे सावली पाडण्याइतकेच वाईट. ज्या उथळातून चालत जाण्याचा मोह होतो, त्यातच आधी एक फ्लाय टाकून पाहावी.

या काळात कोणत्या फ्लाय चालतात?

जलकीटक कमी झाल्यावर ट्राउटचे लक्ष काठावरून पाण्यात पडणाऱ्या किड्यांकडे जाते. नाकतोडा हा त्यांतला सर्वांत मोठा घास. ८ ते १२ क्रमांकाच्या गळावर (क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान) बांधलेला फोमचा नाकतोडा गवताळ काठाच्या अगदी कडेला, थोडा आपटूनच टाकावा, कारण खरा नाकतोडा अलगद उतरत नाही, धपकन पडतो. नाकतोडे सकाळच्या दवात गारठलेले असतात, ऊन चढून वारा सुटला की पाण्यात पडू लागतात. इथेच एक कोंडी होते. नाकतोड्याची उत्तम वेळ आणि पाण्याची सर्वांत वाईट वेळ एकच असू शकते. म्हणून ही फ्लाय उंचावरच्या थंड ओढ्यांवर मनमुराद वापरावी, आणि खालच्या नदीवर साधारण दहापासून तापमापक परवानगी देईल तोवर.

भुंगेरे आणि मुंग्या यांच्याकडे लोक विनाकारण दुर्लक्ष करतात. १४ ते १८ क्रमांकाची काळी मुंगी दिसायला क्षुल्लक असते, पण नाकतोड्याला नाक मुरडणारा मासा तिला सहसा सोडत नाही. उष्ण, दमट दिवशी, विशेषतः पावसाच्या सरीनंतर, पंख फुटलेल्या मुंग्यांचे थवे नदीवर कोसळतात. त्या तासाभरात ट्राउट दुसरे काही पाहतच नाहीत. दोन-तीन पंखवाल्या मुंग्या डबीत कायम असाव्यात.

सकाळच्या वेळी ट्रायको नावाच्या अतिशय बारीक मेफ्लायचा काळ असतो. नर रात्रीच बाहेर पडलेले असतात, माद्या पहाटे येतात. हवा तापू लागली की खळाळत्या धारेवर त्यांचा धुरकट ढग वरखाली होताना दिसतो, आणि मीलनानंतर तो ढग मरून पाण्यावर पसरतो. पंख दोन्ही बाजूंना सपाट, अंग तीन-चार मिलिमीटर, नराचे काळे. मासे अशा वेळी पाण्याच्या कातडीखाली नाक लावून ठरावीक लयीत एकेक टिपत राहतात, पाण्यावर उठतो तो केवळ नाण्याएवढा तरंग. २० ते २४ क्रमांकाची फ्लाय लागते. थव्यात कुठेही फ्लाय टाकून उपयोग होत नाही. एकच मासा निवडावा, त्याच्या वर येण्याची लय मोजावी, आणि तो पुढच्या घासासाठी वर येण्याच्या क्षणी फ्लाय त्याच्या नाकासमोर पोहोचेल असे टाकावे. इतक्या हजारो खऱ्या किड्यांत आपली एक फ्लाय उचलली जाण्याची शक्यता लयीनेच वाढते.

नाकतोड्याखाली निंफ (पाण्याखालच्या अपक्व जलकीटकाची नक्कल) बांधण्याची पद्धत कशी असते?

नाकतोड्याच्या गळाच्या वाकावर ४५ ते ६० सेंटीमीटर टिपेट (फ्लायला जोडणारा सर्वांत बारीक दोरा) बांधून त्याच्या टोकाला मणी लावलेली १४ ते १८ क्रमांकाची निंफ जोडतात. वरची फ्लाय तरंगते, खालची तळाजवळून वाहते, आणि नाकतोडा थबकला किंवा बुडाला की तत्काळ रॉड उचलायचा. खळाळ्यात आणि धोंड्यांमागच्या खळग्यांत ही जोडी फार कामाची आहे. पोटरीभर पाण्यात मधले अंतर ३० सेंटीमीटरवर आणावे, नाहीतर निंफ दगडांत अडकत राहील. संथ नितळ डोहावर मात्र एकच फ्लाय वापरावी. दोन फ्लायमुळे ओढ दुप्पट होते आणि मासा शंका घेतो.

रॉड, लीडर आणि टिपेट कोणते असावे?

साडेआठ ते नऊ फुटांचा, ४ किंवा ५ वजनाचा (हा आकडा लाइनच्या वजनाचा वर्ग दाखवतो) रॉड बहुतेक नद्यांना पुरतो. झाडीतल्या अरुंद ओढ्यांवर सात-साडेसात फुटांचा, ३ वजनाचा रॉड सोयीचा. रीलबद्दल फार विचार करण्याची गरज नाही.

खरा फरक लीडरने, म्हणजे जाड लाइन आणि फ्लाय यांना जोडणाऱ्या निमुळत्या दोऱ्याने, पडतो. नेहमीचा ९ फुटी लीडर नितळ पाण्यात तोकडा पडतो, तो १२ फुटांपर्यंत वाढवावा, म्हणजे जाड लाइन माशापासून दूर पडते. टिपेटची जाडी काढण्याची रीत सोपी आहे. ११ मधून एक्सचा आकडा वजा केला की इंचाचे सहस्रांश मिळतात. ५ एक्स म्हणजे ०.००६ इंच, सुमारे ०.१५ मिलिमीटर. नाकतोड्यासाठी ४ एक्स, मुंगी-भुंगेऱ्यासाठी ५ एक्स, ट्रायकोसाठी ६ एक्स पुरे. तरंगत्या फ्लायसाठी नायलॉन बरे, कारण फ्लुरोकार्बन जड असल्याने बुडते. निंफला तेच उपयोगी पडते.

अतिबारीक टिपेटचा सोस करू नये. टिपेट जितके नाजूक तितकी झुंज लांबते, आणि उष्ण दिवसांत लांबलेली झुंज माशाला महागात पडते.

मासा वर येतो, फ्लाय पाहतो आणि परत खाली जातो. काय चुकते?

दहापैकी नऊ वेळा फ्लाय बदलण्याची गरज नसते. लाइन वेगवान धारेत आणि फ्लाय संथ पाण्यात असली की लाइन फ्लायला ओढू लागते. ही ओढ आपल्याला दिसणार नाही इतकी सूक्ष्म असते, माशाला मात्र ती लगेच जाणवते, कारण खरा किडा पाण्याच्या वेगानेच वाहतो. लाइन पडण्याआधीच रॉडचे टोक वरच्या अंगाला नेऊन फेक पुरी करावी, किंवा लाइन पडताच ती हलकेच उचलून प्रवाहाच्या वर ठेवावी. त्याहून चांगला उपाय म्हणजे दोन पावले बाजूला सरकून कोन बदलणे. एवढे करूनही मासा परतला तर आधी टिपेट दोन फुटांनी वाढवावे, मग एक क्रमांक लहान फ्लाय. आणि मासा एकदा परतल्यावर लगेच पुन्हा टाकू नये, त्याला दोन-तीन मिनिटे शांतपणे पूर्वीसारखे खाऊ द्यावे.

नाकतोडा घेताना मोठा मासा तोंड मिटायला क्षणभर वेळ घेतो. फवारा दिसताच झटका दिला तर फ्लाय तोंडातून निघून येते.

मासा लागल्यानंतर त्याला इजा न होता कसे सोडावे?

गळाचा उलटा काटा घरीच चिमट्याने चेपून ठेवावा. मासा लागल्यावर रॉड आडवा धरून बाजूने ताण द्यावा, त्यामुळे तो लवकर वळतो. हातजाळे रबराचे असावे, गाठी असलेली सुती किंवा नायलॉनची जाळी अंगावरचा चिकट थर खरवडते आणि त्या जागी बुरशी धरते. हात आधी ओले करावेत. मासा जाळ्यात पाण्याखालीच ठेवून गळ काढावा. छायाचित्र हवेच असेल तर कॅमेरा आधी तयार ठेवून मासा १० सेकंदांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नये, कल्ल्यांत बोट घालू नये, पोट दाबू नये.

सोडताना त्याचे तोंड मंद प्रवाहाकडे करून त्याला तळहातावर नुसता आधार द्यावा. मागेपुढे ढकलल्याने कल्ल्यांतून पाणी उलटे जाते आणि त्याचा काही फायदा होत नाही. कल्ले लयीत उघडझाप करू लागतात, मग शेपटीत जोर येतो आणि तो स्वतःच हातातून निसटतो. तोवर थांबावे. गळ खोलवर गिळला असेल तर टिपेट तोंडाजवळ कापून टाकावे.

सगळ्याच नद्या तापलेल्या असतील तर?

उंच चढावे, किंवा मोठ्या धरणाखाली जावे. खोल जलाशयाच्या तळाशी पाणी थंड राहते, आणि ते तळातून सोडले जात असेल तर खालची नदी भर उन्हाळ्यातही थंड असते. मात्र तिथे पाणी अचानक वाढते, म्हणून विसर्गाचे वेळापत्रक पाहिल्याशिवाय पात्रात उतरू नये. हिमनद्यांवर पोसलेले प्रवाहही थंड असतात, पण दुपारी बर्फ वितळल्यावर दगडाच्या पिठाने दुधाळ होतात. त्यांवर सकाळीच जावे.

अरुंद ओढ्यांसाठी टेनकारा उपयोगी आहे का?

हो. रील नसलेला लांब रॉड, टोकाला बांधलेली ठरावीक लांबीची हलकी लाइन आणि एक फ्लाय, एवढेच साहित्य असलेली ही जपानी पद्धत डोंगरी ओढ्यांसाठीच घडली आहे. लाइन पाण्यावर टेकवावी लागत नसल्याने ओढीचा प्रश्न बराच मिटतो. मोठ्या नदीवर ती अपुरी पडते.

डोंगरात कोणते धोके सांभाळावेत?

दुपारच्या गडगडाटी वादळांचा धोका सर्वांत मोठा. ग्राफाइटचा रॉड विजेचा वाहक आहे. पहिली गर्जना ऐकताच तो खाली ठेवून पाण्याबाहेर यावे आणि एकट्या उंच झाडाखाली थांबू नये. वरच्या खोऱ्यात पाऊस झाला तर आपल्या डोक्यावर निरभ्र आकाश असतानाही लोंढा येऊ शकतो, पाणी अचानक गढूळ होणे ही त्याची खूण. शेवाळलेल्या दगडांवर काठी वापरावी. पोलराइज्ड चष्मा मासे दाखवतो आणि फिरत्या गळापासून डोळाही वाचवतो, म्हणून तो केव्हाही काढू नये.

एका नदीतून दुसरीकडे जाताना साहित्य धुणे खरोखर गरजेचे आहे का?

होय. डिडिमो नावाचे शेवाळ, न्यूझीलंडची बारीक गोगलगाय, ट्राउटच्या पिलांना जडणारा व्हर्लिंग रोग, हे सगळे ओल्या बुटांवरून प्रवास करू शकतात. चिखल काढावा, पाणी निथळू द्यावे, सगळे पूर्ण वाळवावे. नमद्याच्या तळव्याचे बूट ओल धरून ठेवतात, म्हणून न्यूझीलंडने ते २००८ मध्ये बंद केले. रबरी तळवेच घ्यावेत.

नदी बंद असल्याची सूचना लागली असेल तर ती कितपत गांभीर्याने घ्यावी?

पूर्णपणे. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात पाणी तापले की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारीला मनाई करतात. ऑगस्ट २०१६ मध्ये तिथल्या यलोस्टोन नदीत मूत्रपिंडाच्या एका परजीवी रोगाने हजारो मासे, बहुतांशी व्हाइटफिश, मेले आणि नदीचा सुमारे २९५ किलोमीटरचा पट्टा काही काळ सर्वांसाठी बंद करावा लागला. कमी आणि उष्ण पाण्याने त्या रोगाचे बळ वाढवले होते. सूचना लागण्याची वाट पाहणेही योग्य नाही, कारण तुमच्या ओढ्यावर कदाचित कोणी मोजमाप करतच नसेल. तापमापक तुमच्याजवळ आहे.

हा काळ संपला हे कसे ओळखावे?

रात्री थंड पडू लागल्या आणि दुपारचे पाणी सलग काही दिवस १६ अंशांच्या आत राहू लागले की वेळापत्रक उलटते, दुपार पुन्हा उत्तम होते. ब्राउन आणि ब्रूक ट्राउट शरद ऋतूत अंडी घालतात, त्यामुळे सप्टेंबरच्या उत्तरार्धापासून ब्राउन ट्राउट प्रवाहाच्या वरच्या अंगाला सरकू लागतात आणि आक्रमक होतात. त्यांना वाटेत, खोल डोहांत गाठणे गैर नाही. पण उथळ वाळू-खड्यांत ताटाएवढा स्वच्छ उजळ खळगा आणि त्यावर जोडीने उभे असलेले मासे दिसले, तर तिथे फ्लाय टाकू नये आणि त्या खड्यांवरून चालतही जाऊ नये. अंडी पुढे कित्येक आठवडे तिथेच गाडलेली असतात.